श्रमास सुरांची साथ

श्रम आणि गीत यांची संगत फार जुनी आहे. ओझी ओढणारे, होड्या वल्हवणारे, धान्य कांडणारे वा दळणारे लोक जगाच्या पाठीवर कोठेही असोत, त्यांच्या कामाबरोबर गाणेही जन्मास आले असल्याचे दिसून येते. महाराष्ट्रातील खेड्यांत पहाटे जात्याच्या खुंट्याला हात लागला की स्त्रीच्या ओठी ओवी येई. केरळात शंभराच्या आसपास वल्हेकरी असलेल्या लांबलचक नौका ‘वंचिपाट्टु’ नावाच्या नौकागीतांच्या ठेक्यावर पाणी कापीत जातात. पश्चिम आफ्रिकेतील घाना विद्यापीठाच्या टपाल कचेरीत १९७५ मध्ये केलेले एक ध्वनिमुद्रण संगीताच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. त्यात तिकिटांवर शिक्के मारणारे कर्मचारी शिक्क्यांच्या आघातांतूनच ताल निर्माण करतात व त्यावर शिट्टीने सूर धरतात. ऐकणारास ते मुद्दाम बसवलेले वादन वाटावे; वस्तुतः तेथे टपालाचे रोजचे काम चाललेले असते.

आज परिस्थिती पालटली आहे. पूर्वी काम करणाराच्या मुखातून निघणारे गाणे आता बहुधा यंत्रातून त्याच्या कानी पडते. विद्यार्थी अभ्यास करताना, कारकून कचेरीत, धावपटू सराव करताना, वाहनचालक लांबच्या प्रवासात संगीत ऐकत असतो. आणि यामुळे मन प्रसन्न राहते, कामास हुरूप येतो, असे त्यांतील बहुतेक जण सांगतील. या अनुभवात तथ्य किती? संगीताने मनाची स्थिती खरोखर बदलते काय? बदलत असल्यास त्यामुळे अधिक काम होते, की काम अधिक झाल्याचा केवळ भास होतो? शंभराहून अधिक वर्षे या प्रश्नांचा प्रयोगांच्या साहाय्याने शोध चालू आहे. त्यातून हाती आलेली माहिती मनोरंजक तर आहेच, शिवाय ती व्यवहारातही उपयोगी पडण्याजोगी आहे.

कारखान्यांतील संगीत

यंत्रयुग आले आणि कामाची लय माणसाच्या हातून यंत्राच्या ताब्यात गेली. यंत्रांच्या खडखडाटात गाणे ऐकू येईना. कित्येक कारखान्यांतून तर काम करताना गाण्यास मनाईच असे. परंतु तेच ते काम तासन्‌तास करणाऱ्या माणसाचे मन कंटाळते व त्याच्या हातांचा वेगही मंदावतो, ही गोष्ट कारखानदारांच्या लवकरच ध्यानात आली. ब्रिटनमध्ये वायट व लँगडन या संशोधकांनी अशा कामातील थकवा व कंटाळा यांचा अभ्यास करून १९३७ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. हाताने एकाच ठराविक प्रकारचे काम करणाऱ्या स्त्रियांना ग्रामोफोनवरील संगीत ऐकवले असता त्यांचा कंटाळा कमी होतो व उत्पादनात काही टक्क्यांची वाढ होते, असे त्यांस आढळून आले.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांत रात्रंदिवस काम चालू लागले. तेव्हा ब्रिटिश नभोवाणीने २३ जून १९४० पासून ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’, म्हणजे ‘काम करताना संगीत’, या नावाचा कार्यक्रम सुरू केला. तो सकाळी अर्धा तास व दुपारी अर्धा तास असे. पुढे रात्रपाळीच्या कामगारांसाठीही त्याची सोय करण्यात आली. त्यातील गीते निवडण्याचे नियम मोठे उद्‌बोधक आहेत. चाली ओळखीच्या असाव्यात. लय रेंगाळणारी नसावी. आवाज मध्येच फार चढू वा उतरू नये, कारण यंत्रांच्या आवाजात हळू सूर बुडून जातात. तसेच ताल फार वाकडातिकडा नसावा. टेक्सासच्या गुणगानाचे एक लोकप्रिय गीत या कार्यक्रमातून वगळण्यात आले, ते अशासाठी की त्याच्या ध्रुपदात टाळ्या वाजवण्याच्या जागा होत्या. त्या जागी टाळ्या देण्याकरिता कामगार हातातील अवजारे खाली ठेवतील, अशी भीती होती. संगीताने हुरूप तर यावा, परंतु लक्ष मात्र कामावरून ढळू नये, ही तारेवरची कसरत या एका उदाहरणावरून स्पष्ट होते. हा कार्यक्रम १९६७ पर्यंत चालू राहिला.

अमेरिकेत याच कल्पनेचा व्यापार झाला. १९३४ मध्ये स्थापन झालेली म्यूझॅक ही कंपनी तारांमधून कारखाने, कचेऱ्या व दुकाने यांस संगीत पुरवू लागली. पंधरा मिनिटांच्या गटात प्रत्येक गीत आधीच्या गीताहून किंचित अधिक उत्तेजक ठेवावयाचे आणि त्यानंतर पंधरा मिनिटे शांतता राखावयाची, अशी तिची पुढील काळातील पद्धत होती. यामुळे उत्पादन हमखास वाढते, असा प्रचारही जोरात झाला.

तथापि काळजीपूर्वक केलेल्या पाहणीत चित्र इतके सरळ दिसले नाही. १९४९ मध्ये मॅकगी व गार्डनर या अमेरिकन संशोधकांनी गालिच्यांच्या कारखान्यातील एका गुंतागुंतीच्या कामावर संगीताचा काय परिणाम होतो, ते तपासले. उत्पादनात उल्लेखनीय फरक पडला नाही. परंतु काम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना संगीत हवेसे वाटत होते. १९६१ मध्ये अर्ब्रॉक यांनी तोपर्यंतच्या सर्व अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा उत्पादनवाढीचे सरसकट दावे सिद्ध होत नाहीत, असेच त्यांस म्हणावे लागले. साध्या, कंटाळवाण्या कामात संगीताचा लाभ दिसतो. अनुभवी कामगारांच्या गुंतागुंतीच्या कामात तो दिसत नाही. आणि काही थोड्या लोकांना कामाच्या जागी संगीत नकोसेच वाटते. मनाची प्रसन्नता आणि कामाचे माप या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या सर्व प्रयोगांतून मिळालेला पहिला धडा होय.

ताल आणि देह

संगीताचा शरीरावर होणारा सर्वांत उघड परिणाम तालामुळे होतो. ढोल वाजू लागला की न सांगता पाय हलू लागतात. ही प्रवृत्ती मनुष्य शिकून मिळवतो की ती उपजतच असते? हंगेरीतील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात झोपलेल्या नवजात अर्भकांना ढोलाचा नियमित ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातील मुख्य ठोका गाळला. त्याबरोबर अर्भकांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींत बदल दिसून आला. अपेक्षित ठोका चुकल्याचे त्या दोन-तीन दिवसांच्या मेंदूसही समजले होते.

प्रौढ माणूस स्वस्थ पडून केवळ ठेका ऐकत असला, तरी त्याच्या मेंदूतील हालचालींचे नियंत्रण करणारे भाग जागृत होतात, असे मेंदूच्या चित्रणावरून दिसते. म्हणजे कान आणि स्नायू यांच्यामध्ये मेंदूत एक जवळची वाट आहे. या वाटेचा उपयोग रोग्यांसाठीही करता येतो. कंपवातात, म्हणजेच पार्किन्सनच्या विकारात, पाऊल उचलणे अवघड होते. रोगी जागच्या जागी खिळून राहतो. अशा रोग्यांना नियमित ठेका असलेले संगीत ऐकवून त्याच्या तालावर चालण्याचा सराव द्यावा, अशी पद्धत मायकेल थाउट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तीन आठवड्यांच्या सरावानंतर रोग्यांच्या चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. आतील घड्याळ बिघडले असता बाहेरचा ताल त्याचे काम काही अंशी करू शकतो, असा याचा अर्थ आहे.

थकव्याचे काय होते?

खेळ व व्यायाम यांच्या क्षेत्रात संगीताच्या परिणामाचे मोजमाप करणे सोपे असते, कारण वेग, अंतर, श्वासातील प्राणवायू, नाडीचे ठोके या सर्व गोष्टी अंकांत सांगता येतात. १९११ मध्येच लेनर्ड एअर्स या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीत पाहणी केली. बँड वाजत असताना स्वारांचा वेग वाढतो व तो थांबला की कमी होतो, असे त्यांस दिसून आले. इथिओपियाचा थोर धावपटू हैले गेब्रसेलासी याने १९९८ मध्ये बर्मिंगहॅम येथे छताखालील मैदानावर २००० मीटर धावण्याचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याच्या पावलांच्या गतीशी जुळणारे एक लोकप्रिय गीत त्याच्या इच्छेनुसार वाजवले जात होते.

२०२० मध्ये अशा प्रकारच्या १३९ अभ्यासांचा एकत्रित विचार करण्यात आला. त्यावरून असे ठरले की, संगीतामुळे व्यायाम अधिक सुखद वाटतो, हा सर्वांत ठळक परिणाम होय. कामगिरीत होणारी सुधारणा त्याहून कमी आहे. श्रम कमी झाल्याची भावना त्याहूनही थोडी कमी आढळते. प्राणवायूचा खर्च अल्प प्रमाणात कमी होतो. आणि हृदयाच्या ठोक्यांवर उल्लेखनीय परिणाम होत नाही. संगीताने स्नायूंना नवे बळ मिळत नाही. श्रम तितकेच पडतात, पण त्यांचा जाच कमी होतो.

याची कारणे दोन दिसतात. एक म्हणजे लक्षाची विभागणी. थकलेल्या स्नायूंकडून मेंदूस सतत सूचना जात असतात. मन सुरांत गुंतले असता त्या सूचनांकडे थोडे दुर्लक्ष होते. परंतु हे मध्यम श्रमातच घडते. श्रम पराकोटीस पोहोचले, धाप लागली, की शरीराची हाक इतकी मोठी होते की तिच्यापुढे कोणतेही गीत टिकत नाही. दुसरे कारण तालाशी जुळण्याचे. हालचाल ठेक्याशी जुळली म्हणजे ती एकसारखी होते व मध्ये मध्ये वेग कमीजास्त करण्यात वाया जाणारी शक्ती वाचते. सायकल चालवणाऱ्यांवर केलेल्या एका ब्रिटिश प्रयोगात हालचालीशी जुळणाऱ्या संगीतात त्यांस सुमारे ७ टक्के कमी प्राणवायू पुरला.

आनंदाचे रसायन

ताल देहास हलवतो हे खरे. पण सुरांनी मन का हेलावते? एखादे आवडते गीत ऐकताना ठराविक जागी अंगावर काटा उभा राहतो, हा अनुभव पुष्कळांना आहे. कॅनडातील माँट्रिअल येथील ॲन ब्लड व रॉबर्ट झातोर यांनी २००१ मध्ये याच अनुभवाचा आधार घेतला. प्रयोगात भाग घेणाऱ्या प्रत्येकाने आपल्या अंगावर काटा आणणारे संगीत स्वतः निवडून आणले होते. ते ऐकताना मेंदूतील जे भाग जागृत झाले, ते अन्नासारख्या जीवनावश्यक सुखांच्या वेळी जागृत होणारे भाग होते. तुलनेसाठी प्रत्येकास दुसऱ्या कोणी तरी निवडलेले संगीत ऐकवण्यात आले आणि त्याचा तसा परिणाम झाला नाही. जे सूर एकाला रोमांचित करीत होते तेच दुसऱ्याला उदासीन ठेवीत होते.

दहा वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच शहरातील व्हॅलोरी सलिमपूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा टप्पा गाठला. मेंदूत डोपामीन नावाचे एक द्रव्य असते. सुखाची ओढ लावणे व त्यासाठी प्रयत्न करण्यास प्रवृत्त करणे, हे त्याचे एक प्रमुख कार्य होय. अत्यंत आवडते संगीत ऐकताना हे द्रव्य स्रवते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यातही विशेष असा की, आनंदाचा परमोच्च क्षण येण्यापूर्वी, केवळ त्याच्या प्रतीक्षेत असतानाच, मेंदूच्या एका भागात द्रव्य स्रवू लागते आणि प्रत्यक्ष त्या क्षणी ते दुसऱ्या भागात स्रवते. आपल्याकडील मैफलींच्या रसिकांस हे समजणे कठीण नाही. तबल्याची तिहाई सुरू झाली की ती समेवर केव्हा येऊन पडते याकडे सारी सभा डोळे लावून बसते. समेपूर्वीची ती उत्कंठा आणि सम येताच सर्वांच्या माना एकदम डोलणे, या दोन्हींचा ठसा मेंदूत निरनिराळ्या जागी उमटतो.

हा संबंध केवळ योगायोगाचा नाही, हे २०१९ मध्ये स्पेनमधील एका प्रयोगाने स्पष्ट केले. डोपामीन वाढवणारे औषध दिले असता संगीतातील आनंद वाढला व गीते विकत घेण्यासाठी लोक अधिक पैसे देण्यास तयार झाले. त्याचे कार्य अडवणारे औषध दिले असता दोन्ही गोष्टी घटल्या. संगीतातून प्रेरणा कशी मिळते, याचा दुवा येथे सापडतो. कारण सुखाची आशा आणि कामाची उमेद या दोहोंच्या मुळाशी मेंदूतील एकच व्यवस्था आहे. मात्र ही व्यवस्था सर्वांच्या ठिकाणी संगीतास सारखाच प्रतिसाद देते, असे नव्हे. ज्यांना इतर सर्व सुखे यथायोग्य जाणवतात, ऐकूही चांगले येते, परंतु संगीतात मात्र काहीच गोडी वाटत नाही, असे थोडे लोकही असतात. तो त्यांचा अरसिकपणा वा दोष मानण्याचे कारण नाही.

रागांचे भाव

अपेक्षेसाठी ओळख हवी आणि ओळख ही सहवासाने होते. यास्तव सुरांचे भाव सर्व मानवांना सारखेच जाणवतात, की ते संस्कारांवर अवलंबून असतात, हा प्रश्न उपस्थित होतो. भारतीय संगीतशास्त्राने स्वर आणि रस यांचा संबंध भरताच्या नाट्यशास्त्रापासून मानला आहे. १९९९ मध्ये लॉरा-ली बॉल्कविल व विल्यम थॉम्पसन यांनी हिंदुस्थानी रागांचा गंधही नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना निरनिराळे राग ऐकवले. वादकांना अभिप्रेत असलेले आनंद, दुःख व क्रोध हे भाव या परक्या श्रोत्यांनाही ओळखता आले. शांत भाव ओळखणे मात्र त्यांना अवघड गेले.

हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी सिंह यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आलाप आणि गत यांची तुलना करण्यात आली. भाव कोणता, हे मुख्यतः स्वरांवर ठरते. त्यातही कोमल ऋषभ असलेल्या रागांचा कल उदास वा अस्वस्थ भावांकडे दिसतो. त्या भावाची तीव्रता मात्र लयीवर अवलंबून असते. आलापात केवळ शांत वाटणारा राग तालबद्ध गतीत आनंददायक वाटू लागतो. आलापात उदास वाटणारा राग गतीत तणाव निर्माण करतो.

यावरून काही भाव सर्वांस समान असावेत असे दिसते. परंतु सर्वच गोष्टी समान नसतात. पाश्चात्त्य श्रोत्यांना कर्कश वाटणारे स्वरसमूह दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियाच्या अरण्यात राहणाऱ्या चिमाने लोकांना तितकेच गोड वाटतात, असे २०१६ मध्ये आढळून आले. लय मंद वा द्रुत असण्याचा परिणाम सर्वत्र पोहोचतो; परंतु स्वरांतील गोडव्याची जाण बरीचशी सहवासाने घडते. म्हणूनच अमुक राग म्हणजे अमुक विकारावर उपाय, अशा छापील तक्त्यांकडे सावधपणे पाहिले पाहिजे.

मोत्झार्टच्या संगीताची कथा

अशा सावधपणाची गरज किती आहे, हे अलीकडील एका घटनेवरून दिसून येते. १९९३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रान्सिस राउशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ विद्यार्थ्यांवर एक छोटा प्रयोग केला. मोत्झार्टची दोन पियानोंसाठी रचलेली एक संगीतकृती दहा मिनिटे ऐकल्यानंतर विद्यार्थ्यांना आकारांविषयीचे कोडे अधिक चांगले सोडवता आले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांतच ओसरला, असे संशोधकांनी स्पष्ट नमूद केले होते. परंतु वृत्तपत्रांतून मोत्झार्टमुळे बुद्धी वाढते अशी वार्ता पसरली. प्रयोग तरुण विद्यार्थ्यांवर झाला असताना तान्ह्या मुलांसाठी ध्वनिमुद्रिका विकल्या जाऊ लागल्या, आणि १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बालकास अशी ध्वनिमुद्रिका सरकारी खर्चाने देण्याची योजना मांडली.

कॅनडातील ग्लेन शेलेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेची कसून परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना मोत्झार्टऐवजी एक उत्कंठावर्धक कथा ऐकवली, तरी तसाच लाभ होतो. ज्यांना कथा अधिक आवडली त्यांनी कथेनंतर, व ज्यांना संगीत अधिक आवडले त्यांनी संगीतानंतर अधिक चांगले काम केले. २००१ मध्ये त्यांनी मोत्झार्टच्या उल्हसित रचनेची एका संथ, खिन्न रचनेशी तुलना केली, तेव्हा दुसरीचा काहीही लाभ दिसला नाही. मनाची प्रसन्नता व उत्साह यांचा हिशेब वेगळा काढताच मोत्झार्टचा विशेष प्रभाव नाहीसा झाला. संगीताने बुद्धी वाढली नव्हती. मन प्रसन्न व जागे झाले होते, आणि प्रसन्न मनाने थोडा वेळ काम बरे केले होते. आपल्या आवडीची कोणतीही गोष्ट हे कार्य करू शकते.

अभ्यास आणि खिन्नता

आवड हे जरी संगीताच्या सामर्थ्याचे मर्म असले, तरी तिच्यामुळे सर्व काही साधते, असे समजू नये. वाचन करताना शब्द असलेली गीते ऐकली तर वाचलेल्याचे आकलन कमी होते; आणि ते गीत आवडते असो वा नावडते, हानी सारखीच होते, असे २०१४ मधील एका ब्रिटिश प्रयोगात दिसून आले. याचे कारण उघड आहे. पुस्तकातील शब्द व गीतातील शब्द मेंदूच्या एकाच दारातून आत शिरू पाहतात. विद्यार्थ्यास संगीताची सोबत हवीच असेल, तर त्याने अभ्यासास बसण्यापूर्वी वा मधल्या विश्रांतीत गीते ऐकावीत हे उत्तम; अभ्यास चालू असता ऐकावयाचे तर शब्दविरहित, ओळखीचे व मंद आवाजातील वादन त्यातल्या त्यात निरुपद्रवी होय.

दुःखी मनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. खिन्न गीत ऐकून पुष्कळांना हलके वाटते. आपले दुःख कोणी तरी जाणले, असा दिलासा त्यातून मिळतो. परंतु तेच तेच दुःख मनात घोळवीत राहण्याकडे ज्यांचा कल असतो, त्यांची खिन्नता अशा गीतांनी वाढूही शकते. ऐकून झाल्यावर मन मोकळे होते की अधिकच जड होते, ही साधी कसोटी प्रत्येकास लावता येईल. खिन्नतेचा विकार जडलेल्या रोग्यांस नेहमीच्या उपचारांबरोबर प्रशिक्षित व्यक्तीकडून संगीतोपचार मिळाल्यास निदान काही काळ अधिक गुण येतो, असे २०१७ मध्ये घेतलेल्या एका आढाव्यातून दिसते. येथे ‘बरोबर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. औषधे व वैद्याचा सल्ला सोडून केवळ गीतांवर विसंबणे घातक ठरेल.

गाणारा आणि ऐकणारा

आता प्रारंभीच्या जात्यावरील ओवीकडे व वल्हेकऱ्यांच्या गीताकडे पुन्हा वळता येईल. तेथे संगीत बाहेरून येत नव्हते. काम करणारा स्वतःच ते निर्माण करीत होता. या भेदास काही महत्त्व आहे काय? जर्मनीतील लाइपझिग येथे थॉमस फ्रिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक कल्पक प्रयोग केला. व्यायामाची यंत्रे अशी जोडण्यात आली की, ती ओढताना वा ढकलताना त्यांतून संगीत निर्माण व्हावे. एका वेळी लोकांनी अशा यंत्रांवर आपल्या श्रमातून संगीत घडवले. दुसऱ्या वेळी त्यांनी तितकाच व्यायाम केवळ संगीत ऐकत केला. पहिल्या प्रकारात त्यांस श्रम कमी वाटले, आणि प्राणवायूचा खर्चही कमी झाला. श्रमगीतांचा जन्म का झाला असावा, याचे एक उत्तर या प्रयोगातून मिळते, असे संशोधकांस वाटते.

ओवी गाणाऱ्या स्त्रीला जात्याची लय स्वतःच्या हाताने राखावयाची असे. त्या लयीवर ती आपले माहेर, आपली लेकरे, आपले कष्ट आणि आपला विठोबा यांविषयी बोलत असे. श्रम हलका करणे आणि मन मोकळे करणे ही दोन्ही कामे एकाच गीताने होत. गावोगावी यांत्रिक गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. स्त्रियांचे कष्ट कमी झाले हे इष्टच झाले. परंतु त्याबरोबर ओवीचे निमित्तही संपले. हेमा राईरकर व गी पॉइटेवीन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, म्हणूनच या विशाल ठेव्याची आज कल्पना येते.

कॅनडातील संगणक-व्यावसायिकांची २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी याच दिशेने बोट दाखवते. त्यांना आपल्या आवडीचे संगीत हवे तेव्हा ऐकण्याची मोकळीक दिली असता त्यांचे मन प्रसन्न राहिले. ती काढून घेतली त्या आठवड्यात प्रसन्नता घटली व कामास वेळही अधिक लागला. कारखान्यात सर्वांवर सारखेच वाजवले जाणारे संगीत आणि स्वतः निवडलेले संगीत यांतील अंतर येथे दिसून येते.

विवेकाने उपयोग

या सर्व शोधांचे तात्पर्य असे की, संगीत हे मात्रा मोजून देण्याचे औषध नव्हे. त्याचे सामर्थ्य सुरांत जितके असते तितकेच ऐकणाराच्या ओळखीत, अपेक्षेत व सहभागात असते. म्हणून ज्याचे काम त्यास आपले संगीत निवडू द्यावे, आणि नको असल्यास शांततेचा हक्कही त्यास असावा. कंटाळवाण्या कामास व मध्यम व्यायामास तालबद्ध संगीत उपकारक आहे. सखोल विचाराच्या कामात ते अडथळा ठरू शकते. थकवा जाणवेनासा झाला म्हणजे थकवा नाहीसा झाला असे नव्हे. म्हणून सुरांच्या भरात शरीराने दिलेल्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करू नये, आणि कारखान्यात संगीत वाजते म्हणून विश्रांतीच्या वेळात कपात करणे तर सर्वथा अनुचित होय.

कानांची काळजी घेणेही अगत्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मानकानुसार प्रौढांनी ८० डेसिबल तीव्रतेचा आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकू नये. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. तसेच रहदारीच्या रस्त्यावर कानात यंत्रे घालून चालणे वा वाहन हाकणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गाणे हे कलावंतांचे काम व ऐकणे हे इतरांचे, अशी वाटणी आज सर्वमान्य झाली आहे. पण मानवाच्या इतिहासात ती फार अलीकडची आहे. दळणाऱ्या बाया, वल्हेकरी आणि टपाल कचेरीतील कर्मचारी हे कोणी गवई नव्हते. तरी आपल्या श्रमांना आपलाच सूर देण्याची विद्या त्यांना अवगत होती. शाळांतून मुलांनी एकत्र गावे, कवायत स्वतःच्या मुखाने ताल धरून करावी, घरकाम करताना कोणी गुणगुणले तर त्यास हसू नये, इतक्या साध्या उपायांनी ही विद्या टिकवता येईल. त्यासाठी यंत्र लागत नाही आणि खर्चही येत नाही.